उपसण्यासाठी नव्हे, देण्यासाठी घडवलेली तलवार

लीड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. साताऱ्याहून आलेल्या आईंना घेऊन ते तिथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात गेले होते. तिथे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, मिंग राजवटीतली एक सरळ दुधारी चिनी तलवार आहे. तिची मूठ आणि म्यान सोन्या-चांदीच्या कामाने भरलेलं आहे आणि मुठीखालच्या आडव्या भागावर एक उग्र मुखवटा आहे. आई काचेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख!" गृहस्थ विचारतात: लढाईत न्यायचीच नव्हती तर तलवारीवर एवढा खर्च कशाला केला? ती नेमकं काय सांगत होती? आईला दिसलं ते खरंच कीर्तिमुख आहे का? आणि अशाच चिनी तलवारी 'सम्राटाची तलवार' म्हणून ऑनलाइन विकायला असतात, त्यातली एखादी घ्यावी का?

मी पुण्यात धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. सत्तावीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक कामं शस्त्रांची. तुम्ही म्हणता ती तलवार मी एकदा, काचेबाहेरून, बराच वेळ पाहिली आहे. चिनी शस्त्रं माझ्या हातून फार गेलेली नाहीत. पण मानाच्या तलवारी मात्र पुष्कळ गेल्या आहेत, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे असं मला वाटतं.

फलकावरचा 'सेरेमोनियल' हा शब्द वाचला की आपण मनातल्या मनात 'शोभेची' असं म्हणतो, आणि शोभेची म्हटलं की बिनकामाची असं पुढे आपोआप येतं. तुमचा पहिला प्रश्न तिथूनच निघाला आहे. मराठीत याच्यासाठी दुसरा, जास्त नेमका शब्द आहे: मानाची. शोभेची वस्तू कोणीही विकत घेऊ शकतो. मान मात्र कोणीतरी द्यावा लागतो, कोणीतरी घ्यावा लागतो आणि तो दिला-घेतला हे चार लोकांनी पाहावं लागतं. गावच्या पालखीत मानाची काठी असते, तिच्याने कोणी कुणाला मारत नाही. पण ती कोणाच्या हातात द्यायची यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालतो. जेजुरीला दसऱ्याला जो सुमारे ४२ किलोचा खंडा उचलतात, तो पेशवाईतल्या पानसे सरदारांनी खंडोबाला अर्पण केलेला. तो घेऊन कोण लढणार? तो देवाला द्यायसाठीच घडवला. लीड्सची तलवार याच जातीची आहे. तिचं पातं कसं आहे यापेक्षा ती कोणी कोणाला दिली असेल, हा प्रश्न तिच्याबाबतीत आधी विचारायचा.

आता हे मी नुसतं शब्दावरून म्हणत नाही. आमच्या टेबलावर तलवार आली की पातं उपसायच्या आधी मी म्यानाचं तोंड बघते. वापरातल्या तलवारीच्या म्यानाला आतून धारेच्या बाजूने घासल्याच्या खुणा असतात, कारण घाईत उपसताना आणि परत घालताना धार लाकडाला लागतेच. मग मूठ. हाताचा घाम, अंगठ्याची जागा, करंगळीची जागा, यांनी मुलामा ठरावीक ठिकाणीच उडतो. कमरेला लटकत राहिलेली तलवार असेल तर म्यानाची अंगाकडची बाजू झिजलेली असते आणि बाहेरची नवीच्या नवी. देवघरातली तलवार वेगळीच. तिच्यावर काजळी, तेल, हळदीकुंकवाचे थर असतात, मात्र मुठीवर झीज नसते. असे थर मी सरसकट काढत नाही. कुंकू ओलावा धरतं आणि त्याखाली लोखंड गंजतं, म्हणून थोडा भाग साफ करावाच लागतो. पण एखादा कोपरा मुद्दाम तसाच ठेवते. शंभर वर्षं खंडेनवमीला या तलवारीची पूजा झाली, याचा तो एकमेव लेखी नसलेला पुरावा असतो.

चीनमध्ये तलवारीला मान कसा आला, हे आता थोडं सांगते. चिनी भाषेत दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत. 'दाओ' म्हणजे एकधारी, बहुधा वक्र, शिपायाचं हत्यार. 'ज्येन' म्हणजे सरळ आणि दुधारी, आपल्या खड्गासारखी. मिंग काळ येईपर्यंत रणांगणात दाओचंच राज्य झालं होतं. ज्येन राहिली ती अधिकाऱ्यांच्या कमरेला, विद्वानांच्या खोलीत, ताओपंथी पुजाऱ्यांच्या विधीत आणि दरबारात. शस्त्रांमधली सभ्य गृहस्थ, असं तिला तिथे म्हणतात. सैन्यातून ती मागे पडली, तसतसं तिचं प्रतीक म्हणून वजन वाढत गेलं. आपल्याकडेही देवीच्या हातात सरळ खड्गच राहिलं, स्वारांच्या कमरेला वाकडी तलवार आली तरी.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट हान घराण्याच्या सुरुवातीची, म्हणजे इसवी सनापूर्वी २०० च्या आसपासची. लिऊ बांग हा साध्या घरातला माणूस सम्राट झाला. 'तीन हात तलवार घेऊन मी हे राज्य मिळवलं' अशा अर्थाचं त्याचं वाक्य चिनी इतिहासात प्रसिद्ध आहे (मूळ माप 'तीन छ्र' असं आहे, हात हा मी मराठी कानासाठी वापरला). राज्य मिळाल्यावर मान वाटायची वेळ आली. लढवय्ये सरदार अंगावरच्या जखमा मोजत पुढे आले, आणि सम्राटाने पहिला मान दिला श्याओ हे या कारभाऱ्याला. या माणसाने रणांगण गाजवलं नव्हतं. त्याने धान्य पोचवलं, माणसं पुरवली, नकाशे आणि कागदपत्रं सांभाळली. त्याला तीन सवलती मिळाल्या: दरबारात तलवार लावून यायचं, पायातलं न काढता यायचं, आणि सम्राटासमोर लगबगीने चालायचं नाही, स्वतःच्या चालीने चालायचं. तलवार न चालवलेल्या माणसाच्या कमरेला ती सर्वांसमोर लटकली. इतरांना ती बाहेर ठेवावी लागत होती, म्हणून तिला अर्थ आला.

त्याच हान काळात जेड या मौल्यवान दगडाच्या चार कोरीव तुकड्यांनी सजवलेल्या तलवारी होत्या. एक मुठीच्या टोकाला, एक मूठ आणि पात्याच्या मध्ये, एक म्यानाच्या अंगावर पट्टा ओवायला आणि एक म्यानाच्या तळाला, ज्याला आपल्याकडे तहनाळ म्हणतात. इसवी सनापूर्वी ५१ मध्ये शिओंगनू या भटक्या टोळ्यांचा प्रमुख हुहान्ये हान सम्राटाच्या भेटीला आला. तेव्हा त्याला दिलेल्या वस्तूंच्या यादीत टोप, पट्टा, वस्त्रं, सोन्याची मुद्रा यांच्याबरोबर अशी जेडजडित तलवारही आहे. ज्याच्या लोकांनी हान सीमेवर दीडशे वर्षं धुमाकूळ घातला, त्याच्याच हातात हान सम्राटाने तलवार दिली. पण मुद्रा आणि वस्त्रांसोबत दिली, म्हणजे 'आता तू आमच्या मांडणीत बसलास' असं म्हणून दिली. आपल्याकडे शिरपाव देताना वस्त्रांबरोबर तलवार देत, त्यात हाच हिशेब होता. घेणाऱ्याचा मान वाढतो, आणि घेतल्यामुळेच देणारा मोठा ठरतो.

पुढे तर लोखंडही नको झालं. जिन राजवटीत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकात, दरबारी अधिकाऱ्यांच्या खऱ्या तलवारींची जागा लाकडी तलवारींनी घेतली. त्या राजवटीच्या इतिहासात याची नोंद आहे, आणि पुढचा तपशील तर फारच छान: वरच्या दर्जाच्या लोकांच्या लाकडी तलवारीला मुठीशी जेड, खालच्यांच्या तलवारीला शिंपला, सोनं-चांदी किंवा कासवाची पाठ. पातं लाकडाचं झालं तरी दर्जाची उतरंड तशीच राहिली. 'न कापणारी तलवार कशाला' याचं यापेक्षा स्वच्छ उत्तर मला देता येणार नाही.

मात्र मानाची म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. चीनमध्ये 'शांगफांग तलवार' नावाचा प्रकार आहे. शांगफांग म्हणजे सम्राटासाठी वस्तू घडवणारा राजवाड्याचा कारखाना. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांतला सिलेखाना डोळ्यांसमोर आणा. तिथली तलवार सम्राटाने एखाद्या अधिकाऱ्याला दिली की त्याला 'आधी शिरच्छेद, मग अर्ज' असा अधिकार मिळे. १६२८ मध्ये मिंग सम्राट छोंगचनने मांचूंविरुद्धच्या ईशान्य आघाडीवर युआन छोंगह्वान याला नेमलं आणि अशी तलवार दिली. आघाडीवर एकाच माणसाचा शब्द चालावा म्हणून आधी दुसऱ्या अधिकाऱ्यांना दिलेल्या तलवारी परत घेतल्या. १६२९ मध्ये युआनने त्याच तलवारीच्या अधिकारात माओ वनलोंग या सेनापतीला ठार केलं. त्याच वर्षाच्या शेवटी मांचू फौजा वळसा घालून बीजिंगच्या वेशीपर्यंत आल्या. युआनवर फितुरीचा आळ आला आणि १६३० मध्ये त्याला हालहाल करून मारण्यात आलं. त्याच्यावरच्या आरोपांत माओला मारल्याचाही होता. तलवारीने दिलेला अधिकार देणाऱ्याची मर्जी असेपर्यंतच टिकला. सनद आणि शिक्का यांचंही तेच होतं, पण सनद पेटीत असते आणि तलवार तंबूत सर्वांच्या नजरेसमोर.

म्हणजे इथपर्यंत तीन वेगळे अर्थ झाले: दरबारातला दर्जा दाखवणारी तलवार, परक्या राजाला आपल्या मांडणीत ओढणारी तलवार, आणि सम्राटाचा अधिकार उसना देणारी तलवार. लीड्सची तलवार दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. पण तिच्यात आणखी एक धागा आहे, आणि तो तुमच्या आईंनी बरोबर पकडला.

ही तलवार योंगले सम्राटाच्या काळातली (१४०२ ते १४२४) आणि बहुधा राजवाड्याच्या कारखान्यात घडवलेली मानतात. तिबेटमधल्या एखाद्या मठाला किंवा मोठ्या व्यक्तीला भेट देण्यासाठी ती केली असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. हा अंदाज शैलीवरून, चिन्हांवरून आणि त्या काळच्या व्यवहारावरून बांधलेला आहे, आणि माझं पुढचं स्पष्टीकरण त्याच्यावरच उभं आहे. उद्या वेगळा पुरावा मिळाला तर घेणारा बदलेल. पण तलवारीवरची बौद्ध चिन्हं बदलणार नाहीत, म्हणून दिशा हीच राहील असं मला वाटतं.

योंगलेची अडचण समजली की तलवार समजते. त्याने सख्ख्या पुतण्याविरुद्ध तीन वर्षं लढून गादी घेतली होती. गादीवर बसल्याचा हुकूम लिहायला नकार देणाऱ्या विद्वानाला त्याने मारलं. कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेल्या अधिकाऱ्यांच्या मनात त्याच्या हक्काबद्दलचा प्रश्न मिटणारा नव्हता. अशा राजाला दूरदूरच्या देशांनी येऊन 'तूच खरा' म्हणणं फार हवं असतं. म्हणून १४०५ पासून त्याचं आरमार दक्षिणेकडे निघालं, ते कालिकतपर्यंत, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर पोचलं. आणि पश्चिमेकडे त्याने तिबेटच्या धर्मगुरूंना बोलावणी धाडली. पाचवे कर्मापा, म्हणजे तिबेटी बौद्धांच्या एका पंथाचे प्रमुख, देशिन शेक्पा १४०७ मध्ये नानजिंगला पोचले, सम्राटाच्या दिवंगत आईवडिलांसाठी त्यांनी मोठे विधी केले, आणि त्या दिवसांत आकाशात दिसलेल्या शुभ चमत्कारांचं लांबच लांब गुंडाळी-चित्र दरबाराने करवून घेतलं. त्यावर मजकूर पाच भाषांत आहे. कोणाकोणाला हे कळावं असं त्याला वाटत होतं, ते या पाच भाषांवरून दिसतं. सोंगखापा या दुसऱ्या थोर तिबेटी धर्मगुरूंनाही बोलावणं गेलं होतं. ते स्वतः गेले नाहीत, त्यांनी शिष्याला पाठवलं.

या देवघेवीत वस्त्रं, चहा, चित्रं, विधीची उपकरणं आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्यमूर्ती तिबेटला गेल्या. त्या मूर्तींवरच्या लेखाकडे मी नेहमी लोकांचं लक्ष वेधते. चिनी वस्तूंवर सहसा 'अमुक सम्राटाच्या काळात बनवलं' असं असतं. या मूर्तींवर आहे 'महान मिंगच्या योंगले काळात दान दिलं'. बनवलं नव्हे, दिलं! आणि तो लेख त्या काळच्या चिनी प्रथेप्रमाणे उजवीकडून डावीकडे नाही, तिबेटी वाचकाच्या सोयीने डावीकडून उजवीकडे वाचायचा आहे. घेणाऱ्याच्या डोळ्यांचा एवढा विचार करणारा कारखाना तलवारीवर चिन्हं काढताना आंधळेपणाने काढणार नाही.

मग बौद्ध भिक्खूंना तलवार कशी काय? तर ती मंजुश्रीची. मंजुश्री हा प्रज्ञेचा बोधिसत्त्व, उजव्या हातात ज्वाळांचं खड्ग, डावीकडे कमळावर प्रज्ञापारमितेची पोथी. ते खड्ग अविद्या छेदतं, माणूस नाही. आपल्या वेरूळच्या बौद्ध लेण्यांतही मंजुश्री आहे, पण तिथे त्याची ओळख कमळावरच्या पोथीवरून पटते. खड्ग हातात घेतलेलं रूप पुढे नेपाळ-तिबेटात जास्त रुळलं. आणि त्याचं निवासस्थान मानतात ते चीनमधल्या वुताय पर्वतावर! काठमांडूला गेलात तर स्वयंभू स्तूपाजवळ लोक सांगतील की हे खोरं पूर्वी सरोवर होतं, चीनहून आलेल्या मंजुश्रीने चोभारचा डोंगर खड्गाच्या एका घावाने कापला आणि पाणी वाहून गेलं. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण वसवलं, ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. चीनचा सम्राट हाच मंजुश्रीचा अवतार, ही धारणाही तिबेटी परंपरेत रुजली. पुढे अठराव्या शतकात छ्येनलोंग सम्राटाने तर स्वतःला मंजुश्रीच्या रूपात दाखवणारी थांगका, म्हणजे कापडावरची तिबेटी धार्मिक चित्रं, काढून घेतली.

आता हे सगळं एका तलवारीत घाला. तिबेटी मठातला लामा ती हातात घेतो तेव्हा त्याला मंजुश्रीचं खड्ग दिसतं, म्हणजे ती पूज्य आहे. पण हे खड्ग पाठवलंय मंजुश्रीच्या पर्वताच्या देशातल्या सम्राटाने. ती देव्हाऱ्यात ठेवायची म्हणजे पाठवणाऱ्याचं स्थानही मान्य करायचं. नाकारावी तर बोधिसत्त्वाचं चिन्ह नाकारल्यासारखं. एकही शिपाई न पाठवता केलेली ही फार विचारपूर्वक मांडणी आहे. यात फक्त कावा होता असं मी म्हणणार नाही. योंगलेने आईवडिलांसाठी विधी करवले ते मनापासून नव्हते असं मानायला मला कारण दिसत नाही. श्रद्धा आणि राजकारण एकाच वस्तूत सुखाने राहतात, हे आपल्या प्रत्येक संस्थानी देवळात दिसतं.

कीर्तिमुखाबद्दल. तुमच्या आईंना सांगा की त्यांची नजर पक्की आहे. वटारलेले डोळे, रुंद जबडा, खालचा जबडा आणि धड नाही: ही तीच परंपरा. शिवाने भूक लागलेल्या गणाला 'स्वतःलाच खा' म्हटलं, त्याने पायापासून खात खात फक्त तोंड उरवलं, आणि शिवाने त्याला नाव देऊन दारावर जागा दिली, ही कथा त्यांना ठाऊक असेलच. हे मुख भारतातून नेपाळ, तिबेट आणि तिथून चिनी दरबाराच्या बौद्ध कामापर्यंत गेलं. तोरणाच्या माथ्यावर, घंटेवर, चिलखतावर, आणि तलवारीच्या मुठीखाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातही साधारण याच काळातला, असंच मुख असलेला मुठीखालचा लोखंडी भाग आहे. जागेची निवड नीट पाहा. उंबरठा म्हणजे आत आणि बाहेर यांची सीमा. तलवारीत मूठ संपते आणि पातं सुरू होतं ती जागा तशीच. मुख पात्याकडे तोंड करून असेल तर पातं त्याच्या जबड्यातून बाहेर पडल्यासारखं दिसतं.

इथे एक सावधगिरी. चिनी परंपरेत ड्रॅगनच्या नऊ मुलांची यादी आहे, त्यातला याझ नावाचा मुलगा मारकाटीचा शौकीन, म्हणून तो शस्त्रांच्या मुठीवर कोरतात असं सांगितलं जातं. काही विक्रेते प्रत्येक मुखवट्याला तेच नाव देतात. पण त्या यादीचे प्रसिद्ध लेखी रूप योंगलेनंतर साधारण शतकभराने, मिंग विद्वानांच्या लिखाणातून येतं. बौद्ध चिन्हांच्या सोबतीला असलेलं मुख मी कीर्तिमुख म्हणूनच वाचेन. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या साध्या चिनी तलवारीवरचं मुख मात्र याझ असू शकतं. सोबत कोण आहे ते पाहायचं. भारत म्हणावं तर कल्पना भारतीय, चीन म्हणावं तर कारखाना चिनी, आणि घेणारा बहुधा तिबेटी. 'ही भारतीय का' या प्रश्नाला याहून सरळ उत्तर देणं त्या कारागिरांवर अन्याय होईल.

खर्चाचा प्रश्न राहिला. कारागीर म्हणून मला त्या कामात सर्वांत जास्त काय भावलं असेल तर ते हे की दागिना लोखंडावर आहे. सोनं पितळेवर किंवा चांदीवर बसवणं सोपं, लोखंडावर अवघड. आपल्याकडच्या कोफ्तगिरीत लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक छिन्नीने किंवा सुरीने आडव्या-उभ्या रेघा ओढून तो खरखरीत करतात, मग सोन्याची तार किंवा पत्रा वर ठेवून हलके ठोकतात. त्या दातऱ्यांत सोनं अडकून बसतं. खाली ओल शिरली की लोखंड फुगतं आणि सोनं पापुद्र्यासारखं उठतं. पितळेचं काम करून कारखान्याला वेळ वाचवता आला असता. तरीही लोखंडच घेतलं, कारण मानाची असली तरी ती तलवार होती आणि तलवारीने लोखंडाशी नातं सोडायचं नव्हतं.

याच कारणाने माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, की घरातल्या जुन्या तलवारीला चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावू नका. एका घरातून माझ्याकडे कोफ्तगिरीची मूठ आली होती. दाखवायच्या आधी चकचकीत करून आणली होती, प्रेमाने, दोन दिवस घासून. खाली लोखंडावर फक्त त्या बारीक रेघा उरल्या होत्या. सोनं चिंचेच्या पाण्यात गेलं होतं, आणि वेलबुट्टी कशी होती ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मऊ कोरडं सुती कापड, हातात मोजे आणि कोरडी जागा, एवढंच घरी करावं. पात्यावर किंचित मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावायचं असेल तर तेही जाणकाराला दाखवून.

विकत घेण्याबद्दल थोडक्यात. खरी सम्राटाची तलवार कशी असते ते आधी ऐका. छ्येनलोंगने १७४८ पासून पुढे कित्येक वर्षांत गटागटाने तलवारी करवून घेतल्या. त्यांची स्वर्ग, पृथ्वी आणि मानव अशी वर्गवारी होती, प्रत्येकीला क्रमांक, स्वतःचं नाव, आणि ते पात्यावर धातू ठोकून बसवलेलं. त्यातली एक २००८ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ७ कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त किमतीला गेली. ऑनलाइन ३०० पौंडांना सम्राटाची तलवार मिळत नाही. तिथे जे मिळतं त्यात दोन प्रकार असतात. एक, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या घरगुती आणि निर्यातीच्या तलवारी: पितळी साज, कासवाच्या पाठीचं किंवा हिरव्या रंगवलेल्या पाकट माशाच्या कातड्याचं म्यान, पात्यावर सात ठिपके. ते ठिपके म्हणजे आपले सप्तर्षी. ताओपंथी विधीत त्या नक्षत्राला मोठं स्थान आहे आणि अशी तलवार घरात अरिष्ट टाळायला टांगत. दुसरा प्रकार म्हणजे आजच्या, झेजियांग प्रांतातल्या लोंगछ्वेन गावच्या किंवा त्याचं नाव कोरलेल्या. तिथली तलवार घडवण्याची कला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली आहे. चांगल्या लोहाराकडची नवी तलवार नवी म्हणून घेण्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

जुनी म्हणून विकत असतील तर साज ओतीव आहे का ते पाहा. साच्याची शिवण कडेला दिसते. नक्षीच्या खोलगट भागात काळपटपणा एकसारखा असेल तर तो रसायनाने आणलेला असण्याची शक्यता मोठी. कासवाच्या पाठीचं म्यान असेल तर तो व्यवहारच सोडा; त्या कासवाच्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने विक्री गुन्हा ठरते. साताऱ्याला न्यायची असेल तर आधी कस्टम्सला लेखी विचारा, कारण आपल्याकडे मोठ्या पात्याची तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते आणि विमानतळावर समजूत घालत बसावं लागेल.

आणि आई परत जायच्या आधी जमलं तर त्यांना घेऊन पुन्हा एकदा जा. या वेळी तलवारीसमोर थोडं खाली वाका, म्हणजे मुखवटा समोरून दिसेल. म्यानाच्या दोन्ही बाजूंच्या सोन्याची झीज सारखी आहे का, मुठीवर अंगठा येतो तिथे मुलामा उडालाय का, आणि नक्षीच्या खाचांत काजळीसारखं काही दिसतंय का, एवढं पाहा. फ्लॅश न वापरता फोटो काढू देत असतील तर काढा आणि मला पाठवा. कमरेला लागली होती की देव्हाऱ्यात राहिली होती, ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि मला ते तुमच्या आईंच्या नजरेने पाहायला आवडेल.